पुढची शीट

आमच्या भरमू अण्णाला गाडीचं काय बी विचारा. मारुती आठशे आधी कशी होती, मग कशी झाली, तिच्यात पाचवा गेर कधी आला, अल्टो कधी आली, सगळं तोंडपाठ. आमच्या गावच्या, बेळगुंदीच्या पारावर बसला की उठायचं नाव न्हाय. फक्त त्याची बायको त्या गाडीत कुठं बसती आणि कशी बसती, एवढं मात्र विचारू नका. ते त्याला ठाऊक न्हाय. मी त्याची धाकटी बहीण रूपाली, निपाणीत दिलेली. मला राग लई लवकर येतो असं माहेरात सगळी म्हणत्यात. येतो. का येतो ते सांगते.

आमची आई लवकर गेली. मी अकरा-बारा वर्षांची असताना अण्णाचं लगीन झालं आणि मनुवहिनी घरात आली. माझी वेणी तिनं घातली, माझ्या केसांतल्या उवा तिनं काढल्या, शाळेत मास्तरांशी भांडायला बी तीच आलती. तवा ती माझी वहिनी कमी आणि आई जास्त. तिच्याबद्दल बोलताना माझा तोल जातो, जाऊ दे.

अण्णा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर होता. लग्नाच्या आधीची गोष्ट, त्याच्या मालकानं पांढरी मारुती आठशे आणली. तोवर आमच्याकडं मोटार म्हंजे ॲम्बेसिडर न्हायतर फियाट, ती बी डॉक्टरांची न्हायतर तंबाखूच्या व्यापाऱ्यांची. ही गाडी बघून सगळे हसले म्हणं. आमचे बाबा एकदा बेळगावला गेलते, त्यांनी बघितली आणि म्हणाले, "ही कसली मोटार, साबणाचा डबा हाय." पण अण्णा त्या डब्याच्या प्रेमात पडला. "डबा का असंना, आपल्यासारख्याला मिळण्यासारखी हीच एक हाय," असं तो त्या दिवसापासनं म्हणायला लागला. आणि खरं सांगायचं तर त्याचं ते चुकीचं न्हवतं. लेथवर काम करणाऱ्या माणसानं आपण मोटार घेऊ असं मनात आणणं, हे त्या गाडीमुळंच झालं.

मनात आणल्यापासनं दारात यायला पंधराएक वर्षं गेली. निपाणीतल्या एका वखारवाल्याची जुनी आठशे माझ्या नवऱ्यानंच बघून दिली. चार गेरची. सकाळी चोक ओढायचा, मग ती म्हाताऱ्यागत खोकत खोकत सुरू व्हायची. डाव्या बाजूला आरसाच न्हवता. पत्रा एवढा हलका की एकदा पावसात ओढ्याकडच्या चरात गेली, तर चौघांनी उचलून रस्त्यावर ठेवली. अण्णाला त्याचं बी कौतुक. "बघा, दुसरी गाडी उचलली असती का?" म्हणायचा.

गाडी आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रवळनाथाच्या देवळाला पहिली फेरी मारायची ठरली. वहिनी नवं लुगडं नेसून दाराला हात लावून उभी होती, पुढच्या दाराला. तेवढ्यात अण्णा म्हणाला, "आप्पा, या, बसा पुढं." भावकू आप्पा म्हंजे बाबांचे चुलतभाऊ. बाबा गेल्यावर घरात वडीलधारं माणूस तेच. आमच्याकडं पुढची शीट म्हंजे मान. मान पुरुषाचा, त्यात वयानं मोठ्याचा. बायका मागं, पोरं मांडीवर, डबे पायात. हे कुणी ठरवलं न्हाय आणि कुणी मोडलं बी न्हाय. वहिनी मागं गेली. देवळापर्यंत पोचायच्या आत तिला उलटी झाली.

वहिनीला गाडी लागते. मागं बसली की लागते, पुढं बसली तर लागत न्हाय. बैलगाडीत पुढं बसून ती माहेरी खानापूरकडं जायची, कधी काय झालं न्हाय. ही काय मोठी विद्या न्हाय, शेंबड्या पोराला कळंल. मी अण्णाला त्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "व्हय व्हय, बघू." ह्या 'बघू'वर पंचवीस वर्षं गेली.

अण्णा वाईट माणूस न्हाय, हीच खरी अडचण हाय. वाईट असता तर एकदा कडाडून भांडून मोकळी झाले असते. गावात कुणाला साप चावला, कुणाची पोर अडली, की भरमूची आठशे. कधी कुणाला नको म्हणाला न्हाय. त्याचा एकच कायदा, गाडी रिकामी न्यायची न्हाय. बस गावात कधीमधी यायची, तवा रस्त्यात माणूस दिसला की थांबायचं, शीट हाय तोवर घ्यायचं. आणि आप्पा तर गाडीचा आवाज आला की धोतर सावरत पारावरनं उठायचेच. एकदा शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. ती पोर मागं, तिची सासू मागं, धीर द्यायला वहिनी मागं, आणि पुढं कोण? भावकू आप्पा. त्यांचं प्रसूतीच्या दवाखान्यात काय काम होतं ते रवळनाथालाच ठाऊक.

माझ्या सौरवच्या बारशाला वहिनी निपाणीला आली. हायवेनं मागं बसून, पोत्यागत दाबून. तवंदी घाटात अण्णानं दोनदा गाडी थांबवली. माझ्या दारात उतरली तवा तिचा चेहरा हळदीगत पिवळा. बारसं तिनं आतल्या खोलीत झोपून ऐकलं. पाळण्यात बाळ घालायला म्हणून मी तिला बोलावलं होतं आणि तिला मान वर करवंना. जाताना मला म्हणाली, "रूपा, आता मला बोलवू नको गं. तूच येत जा." तवापासनं ती माझ्या घरी आली न्हाय. सौरव आता कॉलेजला हाय.

इकडं गाड्या सुधारत गेल्या. आठशे म्हातारी झाली, चोक गेला, नव्या आठशेत म्हणं सगळं आपोआप. मधी ती लाखाची गाडी आली, तवा अण्णा चार दिवस तिच्याच गप्पा मारत होता. पण इंजन मागं म्हटल्यावर ह्याचं मन बसंना. "पुढचं बॉनेट उघडलं तर पिशव्या ठेवायची जागा, चार माणसांत दाखवायचं काय?" म्हणाला. शेवटी अल्टो घेतली, नवी कोरी. काही वर्षांनी आठशे निघायचीच बंद झाली, त्या दिवशी ह्यानं दुपारचं जेवण टाकलं. स्वतःची आठशे विकून अल्टोत फिरणारा माणूस, आणि आठशेचं सुतक धरून बसला. वहिनीनं ताट झाकून ठेवलं.

आणि मजा बघा. गाडी जेवढी सुधारली तेवढी वहिनीची दशा वाईट झाली. जुन्या आठशेत निदान काचा उघड्या असायच्या, वारं लागायचं. अल्टोत एसी आला, काचा बंद. आरशाखाली वासाची बाटली लटकली. शिटांवरचं प्लॅस्टिक अण्णा काढून देईना, "नवी ऱ्हाती" म्हणून. उन्हात त्या प्लॅस्टिकचा वास असा सुटायचा की मला सुद्धा मळमळायचं. अण्णा लोकांना सांगायचा, "आता आठशेसारखं न्हाय, कसं आरामात जातंय माणूस." कुठलं माणूस? पुढचं. वहिनी लिंबू नाकाला लावून, मांडीवर पिशवी धरून, डोळे मिटून बसायची. मग हळूहळू तिनं जाणंच सोडलं. लग्नं सोडली, जत्रा सोडली, शेवटी माहेर सोडलं. अण्णा म्हणायचा, "तिला फिरायची हौसच न्हाय." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "अगं पण आप्पांना मागं कसं बसवू? लोक काय म्हणतील?" हे त्याचं उत्तर. आप्पांचं वय वाढत गेलं तसं हे उत्तर आणखीनच पक्कं झालं.

ह्या वर्षी त्याच्या पोरीनं, पुण्यातल्या रचनानं, हट्टानं त्याला नवी गाडी घ्यायला लावली. अल्टोच, पण के-टेन, सहा एअरबॅगवाली. अण्णाची छाती फुगली. "साबणाचा डबा म्हणत होते, आता बघा, सहा फुगे." त्यात आणि पट्टा लावला न्हाय की गाडी टुंग टुंग वाजती. आप्पांना पट्टा नको. "मी काय बैल हाय, दावं बांधायला?" मग अण्णानं काय करावं? पट्टा आप्पांच्या पाठीमागनं नेऊन खटक्यात अडकवला. गाडी गप्प, आप्पा खूश. पोरीनं जीव वाचायला घेतलेली वस्तू, आणि ह्यांनी तिचं तोंड असं बंद केलं. पण आप्पांची शीट काय हलली न्हाय.

ह्याच वर्षी आम्ही निपाणीतलं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं केलं. वास्तुशांत ठरली. मी वहिनीला फोन केला. ती नेहमीसारखं नको म्हणंल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "येते गं. तुझं घर बघायचं हाय मला. आता न्हाय बघितलं तर कधी बघू?" मग मी अण्णाला फोन लावला. "अण्णा, ऐक. दुसरं काय आणू नको, आहेर नको, काय नको. वहिनीला पुढं बसवून आण. एवढं एकच कर माझ्यासाठी."

"आणतो की गं. त्यात काय एवढं?" अण्णा म्हणाला. मी त्याला शपथ घातली. त्यानं घेतली.

वास्तुशांतीच्या दिवशी भटजी पूजा मांडत होते आणि मी दारात. पाहुणे येत होते, सगळ्यांना या या म्हणत होते, पण नजर रस्त्यावर. आणि बघते तर वहिनी चालत येतीया. एकटी. हातात पिशवी, डोईवरचा पदर नीट, चेहरा कसा ताजा. मी पळत गेले. "वहिनी, गाडी कुठं?"

"येईल मागनं," ती म्हणाली. "मी बसनं आले."

मग तिनं सांगितलं. आदल्या दिवशी सांजच्याला आप्पा दारात आले आणि म्हणाले, भरमू, उद्या निपाणीला निघालास म्हणं, तिथं माझ्या लेकीकडं जाऊन येतो मी बी. अण्णा तिच्यासमोर म्हणाला, "या की आप्पा, तुमची शीट हायच की." वहिनी चुलीपुढं होती. पहाटे उठली, आंघोळ केली, आधारकार्ड पिशवीत घातलं आणि अण्णा अंथरुणातनं 'थांब, थांब' म्हणत असतानाच गावातनं पहिल्या बसला बसली. बेळगावच्या स्टँडवर निपाणीची बस लागलेलीच होती. आमच्या कर्नाटकात आता बायकांना बसला तिकीट न्हाय, आधारकार्ड दाखवलं की झालं. पुढं ड्रायव्हरच्या मागची खिडकीची शीट तिनं धरली. "तवंदीचा घाट कधी गेला कळलं बी न्हाय गं," ती म्हणाली. "सगळा बघितला मी. पहिल्यांदाच."

तिनं आमचं घर बघितलं. सगळ्या खोल्या हिंडली, कपाटं उघडून बघितली, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली. सौरवच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "बारशाला तुला धड बघितलं बी न्हवतं मी." पोरगं लाजलं.

अण्णा यायला उशीर झाला. संकेश्वरात आप्पांना चहा पाजवला म्हणं. पुढच्या शीटवरनं आप्पा उतरले, आणि अण्णा उतरल्या उतरल्या वहिनीवर. "दारात नवी गाडी असताना बायको बसनं जाती! लोकांनी काय समजायचं? मी थांब म्हणत होतो न्हवं?" वहिनी म्हणाली, "पूजा सुरू झालीया, पाय धुवून घ्या." तेवढंच. मी तोंड उघडलं होतं, तिनं माझा हात दाबला. ते तोंड कसं मिटलं ते माझं मला ठाऊक.

जेवणं झाली. आप्पा लेकीकडं मुक्कामाला गेले. सांजच्याला अण्णा गाडी वळवून दारात घेऊन आला. पुढची शीट रिकामी. अण्णा उतरला, पलीकडनं फिरून आला, पुढचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. आप्पांसाठी धरायचा तसंच. "चल गं," म्हणाला. "आज तू बस पुढं."

वहिनीनं पिशवी उचलली. मला वाटलं, बसती आता. तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला, सौरवला म्हणाली, "स्टँडापर्यंत येतोस का रं?" आणि मग अण्णाकडं वळून अगदी साध्या आवाजात, रागबीग काय न्हाय, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला बस हाय. तुम्ही सावकाश या."

आणि निघाली. सौरव तिच्या मागनं. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मागं बघितलं न्हाय.

अण्णा दार धरून तसाच उभा. मला वाटलं, आता कळलं असंल ह्याला. एवढ्या वर्षांनी का होईना, डोक्यात उजेड पडला असंल. त्यानं दार लावलं, कापडानं दारावरचे बोटांचे डाग पुसले, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हिला काय झालं गं मधीच?"