भागूचा ताबा

जिथं काम पुढं सरकत नाही, तिथं किस्से साचतात. आमच्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये तर ते कपाटांवर, खुर्च्यांखाली, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा साचले असावेत. वीज जाते, पंखा थांबतो आणि कुणीतरी म्हणतं, "प्रोफेसर, ते महानंदाचं सांगा!"

मला प्रोफेसर म्हणतात, कारण मी पीएच.डी. केली आहे. विषय : एका राज्यातल्या कोर्टाचा हुकूम दुसऱ्या राज्यात कसा बजावावा. चांगला जाडजूड प्रबंध आहे. तो बरोबर आहे का, याची मात्र मला आजही खात्री नाही.

महानंदा माझी पक्षकार. माहेर कर्नाटकातलं, सासर आमच्याकडचं, सास्तूरजवळच्या एका खेड्यातलं. नवरा-बायकोचं फाटलं, ती माहेरी गेली. तिथल्या कोर्टानं लहानगी भागू आईकडेच राहील असा हुकूम दिला. त्याच आठवड्यात बापानं भागूला मोटारसायकलवर पुढं बसवलं आणि सीमा ओलांडून आपल्या गावी आणलं. आता तो हुकूम आमच्या कोर्टानं बजावायचा होता. एवढंच.

* * *

कागद आले. नाझर, म्हणजे कोर्टाचा बजावणीचा कारभार बघणारे साहेब, चष्मा पुसत म्हणाले, "हुकूम आहे, पण तिकडं बजावणी झाली नाही, याचा दाखला कुठाय? त्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही!"

नियम तसा आहे. मीच प्रबंधात लिहिलाय. तरी घरी जाऊन पुन्हा वाचला.

महानंदा खिडकीशी उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणतेत साहेब?"

मी सांगितलं. तिनं पदर सावरला आणि नाझरांना म्हणाली, "सायेब, मी हितं एकटीच उभारलेय. ह्यो दाखला चालत न्हाय का?"

नाझर बराच वेळ चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, "शिक्का पाहिजे, बाई."

* * *

दाखला आला, तर भागूच्या बापाचे वकील पठाण उठले. पठाण माझे जुने मित्र. डबा एकत्र खातो, कोर्टात एकमेकांचे गळे धरतो.

"हुजूर, हुकूम कन्नडमध्ये आहे. माझ्या अशिलाला कन्नडचा एक हर्फ येत नाही. जो हुकूम समजलाच नाही, तो त्यानं पाळावा कसा?"

अशील खाली मान घालून उभा. अगदी गरीब गाय! महानंदा मागच्या बाकावरून हळूच कन्नडमध्ये काहीतरी बोलली. तो गर्रकन वळला आणि भर कोर्टात तिच्यावर कन्नडमध्ये ओरडला. चांगली दोन-तीन लांबलचक वाक्यं!

सगळे हसले. पठाणसुद्धा. जजसाहेबांनी कसंबसं हसू आवरलं आणि भाषांतर मागवलंच. रेकॉर्डला लागतं. त्यात पावसाळा गेला.

बाहेर मी महानंदाला विचारलं, "असं बोललीस तरी काय त्याला?"

"काय न्हाय सर. भागू जेवती का नीट, इतकंच इचारलं."

* * *

अखेर वॉरंट निघालं. बेलिफ गायकवाड नाना. नोकरीभर जमिनींचे आणि घरांचे ताबे देत आलेले, सरळ, वक्तशीर माणूस. नाना, मी आणि महानंदा जीपनं निघालो. वाटेत नानांनी जीप थांबवली आणि एका माणसाला आत घेतलं. त्याच्या मांडीवर हलगी.

"नाना, हे कशाला?"

"ताबा म्हणलं की हलगी आलीच की, सर! उद्या कुणी म्हणलं, हलगी न वाजवता ताबा घेतला, तर माझ्या नोकरीचं काय?"

मला वाटलं, थांबवावं. मग वाटलं, नानांचा अनुभव मोठा. आपण न वाचलेला एखादा नियमही असेल.

वेशीपासून हलगी कडाडत आम्ही निघालो. म्हातारे आले, बाया आल्या, पोरं नाचत आली, कुत्री भुंकत आली. सगळं गाव गोळा झालं. एक भागू सोडून! घराचं मागचं दार सताड उघडं होतं आणि चुलीवर दूध उतू जात होतं.

पठाण महिनाभर नानांना छेडत होते, "नाना, पोरीचा लिलाव पुकारणार होतात की काय?"

* * *

पुढच्या वेळी हलगी नव्हती. नाना एकटे गेले, परत आले आणि त्यांनी रिपोर्ट लिहिला : "हुकुमात नमूद वर्णनाची मुलगी सदर घरी मिळून आली नाही."

मी हादरलो. "नाना, घरात मुलगी नव्हतीच?"

"होती की. अंगणात खेळत होती."

"मग?"

"सर, हुकुमात लिहिलंय, पुढचे दोन दात पडलेले. हिला तर सगळे दात आहेत!"

महानंदा शेजारीच होती. आम्ही दोघंही आता नानांवर तुटून पडणार, असं मला वाटलं. पण ती पुढं झाली आणि नानांना म्हणाली, "कसं आल्यात वो दात? सरळ आल्यात का?"

* * *

त्यानंतर मी अर्धा तास युक्तिवाद केला. कलमं, निवाडे, दोन्ही राज्यांचे नियम. इतकं नीट मी तोंडी परीक्षेतही बोललो नव्हतो. नवीन जजसाहेब, माझ्या मुलाच्या वयाचे, मान हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचा कायदा बरोबर आहे. शंकाच नाही. फक्त मुलगी कुठं आहे?"

रात्री बायकोला म्हणालो, "कायदा बरोबर आहे म्हणाले." ती म्हणाली, "मग झोपत का नाही?"

* * *

शेवटी त्याच जजसाहेबांनी लेडी कॉन्स्टेबल दिली आणि सकाळीच कुणाला न कळवता नानांना पाठवलं. दुपारपर्यंत जीप भागूला घेऊन परतली. नाना बाररूममध्ये आले, चहा नको म्हणाले. नाना चहा नको म्हणाले हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

"सर, त्यांच्या भिंतीला महानंदाबाईंचा फोटो आहे. हार घातलेला. कुंकू लावलेला. पोरीला सांगितलंय, आई वारली."

पठाणांनी डबा बंद केला.

जजसाहेबांनी हॉल रिकामा करायला लावला. महानंदा, आम्ही दोघे वकील, नाना आणि बाकावर भागूची आजी, म्हणजे बापाची आई, एवढेच राहिलो. बाप दाराबाहेर. भागू कॉन्स्टेबलचं बोट धरून आत आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. महानंदा पुढं झाली नाही.

भागू तिच्याकडं बघत राहिली. मग आजीकडं बघितलं. आजीनं तोंड फिरवलं.

"तू तर मेली होतीस ना?" भागूनं विचारलं.

मी उठायला गेलो. पठाणांनी माझा कोट धरून मला खाली बसवलं.

"व्हय," महानंदा म्हणाली. "आता आले."

भागूनं जरा विचार केला. बोट न सोडता दोन पावलं पुढं आली.

"दर अवसंला मी तुझ्यासाठी पत्र्यावर भाकर ठेवायची. ती तुला मिळायची का?"

"मिळायची," महानंदा म्हणाली. "पर पोट भरत नव्हतं बघ."