विषय : झालेला खर्च परत मिळणेबाबत

हसलात तरी चालेल, पण माझ्या बायकोसमोर हा विषय काढायचा नाही. एवढं कबूल असेल तर सांगतो. ती सांगायला लागली की मी फारच बावळट दिसतो. माझ्या तोंडून ऐकाल तर थोडा कमी दिसेन.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो. त्यातली वीस वर्षं लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासली. तिकीट जोडलं नाही? बिल परत! तारखेत खाडाखोड? बिल परत! मोठमोठे साहेब माझ्या टेबलासमोर उभे राहून खिसे चाचपायचे. रिटायर झालो आणि गावी येऊन राहिलो. वर्ध्याजवळच, सावंगीच्या अंगाला आमचं गाव. गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येणार. सगळा घोळ झाला तो या अर्जाच्या गुर्मीतून.

एक दिवस ग्रामपंचायतीचा शिपाई नोटीस देऊन गेला. घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीन वर्षांची थकबाकी, लोकअदालतीत हजर राहा!

थकबाकी? माझी? अहो, दरवर्षी एप्रिलमध्ये, कोणी मागायच्या आत, पट्टी भरणारा गावातला एकटा माणूस असेन मी. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेवार लावलेल्या.

"मंग दाखवा ना जाऊन ग्रामपंचायतीत," आमची कमल म्हणाली. कमल म्हणजे बायको. माहेर रोहण्याचं, बोलणं सरळ. "दोन मिनिटाचं काम. वर्ध्याले काऊन जाऊन राह्यले?"

"नोटीस लोकअदालतीची आहे. उत्तर तिथंच देणार."

"बरं. मी बी येतो मंग. तुमचा भरवसा नाई."

घराला कुलूप घातलं आणि दोघं ऑटोनं वर्ध्याला गेलो. तिथं ही गर्दी! वीजबिलवाले, बँकवाले, घरपट्टीवाले. अडीच तासांनी आमचा पुकारा झाला. टेबलामागे न्यायाधीश साहेब, बाजूला आमच्या गावच्या ग्रामसेविका मॅडम. तिशीतली, हुशार मुलगी. मी पावत्या पत्त्यांसारख्या ओळीनं मांडल्या. मॅडमनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. माझं घर एकशे बारा नंबरचं. तीन वर्षं माझे पैसे एकशे एकवीसच्या खात्यात पडत होते!

"चूक आमची आहे, साहेब," ती म्हणाली.

"मग प्रकरण बंद," साहेब म्हणाले.

दोन मिनिटांत जिंकलो की हो! आता उठायचं, नमस्कार करायचा, घरी जायचं. कमल उठलीसुद्धा होती.

पण मी बसून राहिलो. "साहेब, माझ्या खर्चाचं काय?"

साहेब हसले. "काका, तो हुकूम इथून होत नाही. ग्रामपंचायतीला अर्ज द्या. चूक त्यांनी कबूल केलीच आहे."

"द्या काकाजी," ग्रामसेविका म्हणाली. "मासिक सभेत ठेवीन मी."

झालं! अर्ज द्या म्हणाले. कोणाला म्हणाले? मला!

त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ऑटो, दोघांचं जाणं-येणं, एकशे साठ. झेरॉक्स बेचाळीस. चहा-आलूबोंडा साठ. एकूण दोनशे बासष्ट. आकडा बघून मलाच कसंतरी झालं. तीन वर्षं यांनी चूक केली, माझ्यासारख्याला थकबाकीदार ठरवलं, आणि दोनशे बासष्ट? यात माझं लिहिणं कुठं दिसणार?

"मनस्तापाचे दोन हजार लिहू का?" मी विचारलं.

कमल भाजी निवडत होती. "मनस्तापाची पावती कुठून आनसान?"

ती टोमणा मारत होती. पण मला पटलं हो! पावतीशिवाय बिल पास होत नाही, हे मीच वीस वर्षं लोकांना ऐकवलं. मनस्ताप खोडला. पुराव्यासकट मांडता येईल असं नुकसान पाहिजे.

आणि ते नुकसान आपल्या पायांनी जिना उतरून आलं. वरच्या मजल्यावर आमच्या चार खोल्या आहेत, त्यात सावंगीला शिकणारी पोरं भाड्यानं राहतात. एक खोली रिकामी होती. वरचा गौरव खाली येऊन म्हणाला, "काकाजी, दुपारी एक पोरगा रूम पाह्यले आलता. खाली कुलूप दिसलं, तं चालला गेला. दुसरीकडे घेतली म्हने त्यानं."

मला तर लॉटरीच लागली! कुलूप का होतं? मी वर्ध्याला होतो म्हणून. वर्ध्याला का होतो? चुकीच्या नोटिशीमुळे. म्हणजे एक महिन्याचं भाडं, चार हजार रुपये, सरळ सरळ ग्रामपंचायतीच्या अंगावर!

"गौरव, वर जा आणि हे सगळं कागदावर लिहून सही करून आण."

दुसऱ्या दिवशी घराचा रंगीत फोटो काढून घेतला. समोरून, दोन्ही मजले आले पाहिजेत आणि गॅलरीतली 'रूम भाड्याने देणे आहे, स्वतंत्र संडास-बाथरूम' ही पाटी वाचता आली पाहिजे, असं फोटोवाल्याला बजावलं. प्रत्येक कागदावर 'खरी प्रत' लिहून सही ठोकली. पहिल्या पानावर दोनशे बासष्टचा हिशेब, मागच्या पानावर भाड्याचं नुकसान, खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी. काय अर्ज झाला होता!

"मले वाचून तं दाखवा," कमल म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं. हे वाक्य तिनं अजून जपून ठेवलं आहे.

मासिक सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सरपंचबाई, सात सदस्य, ग्रामसेविका. मॅडमनं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. सरपंचबाईंनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "देऊन टाका. चूक आपली हाय. काकाजीले उगाच चकरा पडल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंजूर! मॅडमनं अर्ज फाइलला लावायला उचलला.

आणि मी, चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, उभा राहून काय म्हणालो माहीत आहे?

"मॅडम, मागचं पान राहिलं."

तिनं पान उलटलं. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. मला वाटलं, भाषेचा परिणाम. मग फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला.

"लय सुंदर बांधलं हो काकाजी," सरपंचबाई म्हणाल्या.

"चार खोल्या!" मी म्हटलं. "प्रत्येकीला वेगळं संडास-बाथरूम."

"टाइल्स कुठच्या?" एक सदस्य.

"नागपूरहून आणल्या. टेम्पो करून."

"आन् बांधलं कधी?" ग्रामसेविका.

"पाच वर्षं होतील दिवाळीला."

"चारही खोल्या भाड्यानंच असतात का?"

"पहिल्या वर्षापासून! ही एवढी एकच रिकामी राहिली, तुमच्यामुळे."

मॅडमनं रजिस्टर ओढलं, एकशे बारा नंबर काढला आणि माझ्याकडे फिरवला. "काकाजी, आमच्याकडे तुमचं घर म्हणजे खाली तीन खोल्या, वर टिन, राहणारे स्वतः."

मी चष्मा सावरून ती ओळ पुन्हा वाचली.

आता खरं सांगतो. मजला बांधला तेव्हा मोजायला कोणी आलं नाही, आणि मीही सांगायला गेलो नाही. पहिल्या वर्षी जरा टोचलं. दुसऱ्या वर्षी कमी टोचलं. पुढं तर खरंच विसरून गेलो आणि एप्रिल आला की खालच्या तीन खोल्यांची पट्टी छाती काढून भरत राहिलो. चूक? चूकच. पण ती शोधून, स्वतःच्या हातानं लिहून, रंगीत फोटोसकट सभेत नेऊन देणारा मीच!

"मॅडम, मागचं पान तेवढं परत घेता येईल का?"

"आवक नंबर पडला ना काकाजी," ती म्हणाली. बिचारीचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता.

ठराव दोन झाले. पहिला, अर्जदारास खर्चाचे दोनशे बासष्ट रुपये द्यावेत. दुसरा, अर्जदाराच्या घराची नव्यानं मोजणी करावी. आठ दिवसांत टेप घेऊन माणसं आली. कमलनं त्यांना चहा पाजला, गौरवनं टेपचं टोक धरलं. मग मागणीचं बिल आलं. वरचा मजला, भाड्याचा वापर, मागच्या वर्षांसकट आठ हजार नऊशे चाळीस. त्यातून दोनशे बासष्ट वजा.

मी चष्मा पुसून बिल तपासायला बसलो. वीस वर्षांचा हात. कुठं तरी चूक सापडणारच! मजल्याचा पुरावा? फोटो. भाड्याचा पुरावा? गौरवचं निवेदन. बांधकामाचं वर्ष? भर सभेत मी सांगितलेलं. प्रत्येक कागदावर माझीच सही. माझ्या टेबलावर हे बिल आलं असतं ना, तर मी एका मिनिटात पास केलं असतं.

"काही सापडलं?" कमलनं विचारलं.

"नाही. पण तीस दिवसांत हरकत घेता येते. एक अर्ज..."

तिनं माझ्या हातातला पेन काढून घेतला. गौरवच्या वहीचं एक पान फाडलं, दोन ओळी लिहिल्या, चपला घातल्या आणि गेली. तासाभरात परत आली. कागदावर ग्रामसेविकेची सही, शिक्का.

मी वाचलं. 'मजला आमचाच आहे. एवढे पैसे एकदम जमत नाहीत, तीन हप्ते द्यावे.' बस्स!

"अगं, विषय नाही, संदर्भ नाही, सोबत एकही कागद जोडला नाही. हा अर्ज मंजूर झालाच कसा?"

कमल चपला काढत होती. "सोबत काही जोडलं नाई ना," ती म्हणाली, "म्हून तं झाला."