पगभर आणि पगार

नव्वदच्या दशकात बँकेने माझी बदली सुरतेला केली. गुजराती मला येत होतं ते भाजीवाल्यापुरतं, तेही भाजी स्वस्त असेल तरच. पण मी सगळीकडे "येतं की!" म्हणत सुटलो, आणि एका संस्थेने मला दुभाषा म्हणून धरलं.

सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या वस्तीत या संस्थेने बालवाडी काढली होती. पद्धत अशी, की काम सुरू करून द्यायचं, ते वस्तीतल्या बायांच्या हाती सोपवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. संस्थेच्या बेन गुजरातीत बोलणार, मी मराठीत सांगणार. बेन म्हणाल्या होत्या, "मी हिंदीत बोलू का?" मी म्हणालो, "मी असताना?"

सभेत बेन शेवटी म्हणाल्या, "अमे तमने पगभर करीने जईशुं."

'पगभर' म्हणजे स्वतःच्या पायावर उभा. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा वाटलं, पगारालाच इकडे असं म्हणत असतील. मी ठणकावून सांगितलं, "बेन म्हणतात, तुम्हाला पगार लावूनच आम्ही जाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बेनचे डोळे भरून आले. इतकी उमेद त्यांनी कुठल्याच वस्तीत पाहिली नव्हती म्हणे. मीही टाळ्या वाजवल्या.

मुलं सांभाळायला एक अक्का पुढे आली. ती घरी ठेकेदाराने टाकलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांचे सुटे धागे कापायची. तिने ठेकेदाराला सांगून टाकलं, "आता गठ्ठे दुसरीकडे टाक, मला पगार लागला."

महिना भरला तशी ती माझ्यासमोर उभी. "दादा, पगार कवय भेटी?"

मी बेनना माझ्या गुजरातीत सांगितलं, "अक्काने पगार आपवो छे." मला वाटलं, 'आपवो' म्हणजे घेणं. ते निघालं देणं. बेन हरखल्या. त्यांना वाटलं, अक्का स्वतःहून दुसऱ्या कुणाला पगार देणार, तोही एवढ्यात!

"काय म्हनी ती?" अक्काने विचारलं.

"खूश झाल्या."

"खुशीवर चूल पेटस का, दादा?"

मग तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि थेट हिंदीत विचारलं, "बेन, मेरा पगार कौन देगा?"

"पगार? किसने बोला?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. छताचे पत्रे बरे होते.

"मी ते घरनं काम सोडी दिधं," अक्का म्हणाली. "आते?"

गठ्ठे एव्हाना दुसऱ्या घरी जात होते, आणि पगार संस्थेच्या रीतीत बसत नव्हता. बाया जमल्या. एक माझ्याकडे बोट करून म्हणाली, "बोलले हे, मग ह्यांनीच द्यावा." दुसरी म्हणाली, "मुलं काय ह्यांची आहेत का?" मला दोन्ही पटलं, म्हणून मी दोनदा मान हलवली. भांडता भांडता ठरलं, ज्यांची मुलं येतात त्या घरांनी अक्काला द्यायचं. अक्का अडून बसली, "पहिला पगार हातात पडेपर्यंत बेनने जायचं नाही." बेन राहिल्या.

पगार हातात पडला त्या दिवशी बेन म्हणाल्या, "हवे तमे पगभर थया!" 'हवे' म्हणजे आता, एवढं एव्हाना मलाही कळत होतं.

अक्का म्हणाली, "हां, भेटला पगार."

म्हणजे माझं भाषांतर चुकलं होतं की नाही? मी विचारायला तोंड उघडलं.

"दादा, तुम्ही काही सांगू नका," अक्का म्हणाली आणि एका रडक्या पोराला कडेवर घेऊन आत गेली.