वाळायला लागणारे तीन दिवस

सरकारच्या त्या जुन्या इमारतीत दारांवरच्या पाट्या रंगवायचं काम सव्वीस वर्षं एकच माणूस करत होता. त्याला सगळे पेंटर म्हणत. दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्यालाही एव्हाना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. जिन्याखाली त्याची खोली. एक खिडकी, टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या उतरवलेल्या पाट्या. लाकडाला आधी अस्तर, त्यावर काळ्याचे दोन हात, मग पांढरी अक्षरं. वाळायला तीन दिवस. पंख्याखाली ठेवली तर वर साय धरते आणि रंग आतून ओला राहतो.

इमारतीत एक कुठेही न लिहिलेला नियम होता. पाटी लागल्याशिवाय मंत्री खोलीत पाऊल टाकत नसे. त्यामुळे नव्या सरकारचे पहिले तीन दिवस तसे पेंटरच्या हातात असत. कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

त्याची बायको परिचारिका. अकरा वर्षांपूर्वी नऊ तासांच्या अंतरावरच्या सरकारी इस्पितळात तिची बदली झाली, थोड्या दिवसांसाठी. तेव्हापासून घरात एका माणसाचा स्वयंपाक आणि दर वर्षी एक अर्ज. या वर्षी अर्ज पहिल्यांदाच आरोग्यमंत्र्यांच्या टेबलापर्यंत पोचला. त्याच दुपारी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि मंत्र्यांनी उघडलेलं पेन बंद केलं.

"चार बोटांवर होती सही," हेडक्लार्क म्हणाला. "पण नशीबच आखूड तुझं."

"पुढे काय?"

"नवा मंत्री येईल, तो करेल. फक्त निकालाचा महिना संपायच्या आत. एकदा तारीख उलटली की बदल्या पुढच्या वर्षी."

बायकोच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

पेंटरने मत दिलं ते ज्याचं सरकार पटकन बनेल असं वाटलं त्याला. बहुधा सगळ्यांनीच असा काहीतरी हिशोब केला असावा, आणि प्रत्येकाचा वेगळा, कारण बहुमत कुणालाच मिळालं नाही. मग अकरा पक्ष एकत्र आले. फोटोत मावण्यासाठी अकराव्याला तिरकं उभं राहावं लागलं. शपथविधी झाला, खाती मात्र वाटली गेली नाहीत. मंत्री होते, पण कशाचे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आरोग्य खातं दोघांना हवं होतं: एका पक्षाचे एक डॉक्टर, आणि दुसऱ्या पक्षाच्या बाई. रोज बैठक होई, रोज चहा आत जाई, रोज कप बाहेर येत.

महिना संपायला पाच दिवस राहिले.

"सांगा ना काहीतरी," पेंटर हेडक्लार्कच्या टेबलापाशी उभा राहिला.

"डॉक्टरांचं पक्कं आहे. उद्या-परवा जाहीर होईल."

"परवा जाहीर झालं तर पाटी वाळेपर्यंत महिना गेला."

"मग माझ्या डोक्यावर बसून काय होणार? रंगाला सांग लवकर वाळ म्हणून."

ते त्याने चेष्टेत म्हटलं. पेंटरने मनावर घेतलं. सव्वीस वर्षांत त्याने आदेश आल्याशिवाय ब्रश उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. डॉक्टरांचं नाव, खाली 'आरोग्यमंत्री'. हात इतका स्थिर चालला की त्याचं त्यालाच बरं वाटलं. पाटी त्याने अक्षरं बाहेर करून खिडकीत ठेवली, तिथे दुपारचं ऊन येई. जाहीर झाल्या झाल्या दारावर लावायची, डॉक्टर आत, फाईल पुढ्यात, सही. इतकं साधं.

खिडकी अंगणाकडे होती, आणि अंगणात बाईंच्या पक्षाची माणसं बैठक संपायची वाट पाहत उभी असत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातला एकजण सावलीसाठी भिंतीकडे सरकला. त्याने पाटी वाचली. मग फोन काढला.

संध्याकाळी पाटी सगळ्या वाहिन्यांवर होती. 'पाट्या आधीच रंगवून ठेवायच्या असतील तर आम्हाला चर्चेला कशाला बसवलंत?' असं बाईंनी विचारलं, आणि प्रश्न बिनतोड होता. आधीपासून ठरलेलं होतं यावर पेंटर सोडून सगळ्यांचा विश्वास बसला. बाईंच्या पक्षाने पाठिंब्याचा फेरविचार करू म्हटलं. रात्रभर मनधरणी चालली. सकाळी तोडगा निघाला: आरोग्य खातं तूर्तास पंतप्रधानांकडे. पंतप्रधान दुसऱ्या इमारतीत बसत. त्यांच्याकडे फक्त तातडीच्या फायली जाणार होत्या. अकरा वर्षं थांबलेलं काम तातडीचं ठरत नाही.

पेंटरला लेखी खुलासा मागितला गेला. त्याने एका ओळीत लिहिलं, 'रंग वाळायला तीन दिवस लागतात.' हेडक्लार्कने तो वाचून परत दिला.

"नीट लिही. कुणी सांगितलं म्हणून रंगवलीस?"

पेंटर त्याच्याकडे बघत राहिला. हेडक्लार्क कागद सारखे करू लागला.

"माझं नाव नको घालूस बाबा. मला दोन मुली आहेत."

"नाही घालत," पेंटर म्हणाला. "तुमची पाटी मी कधी रंगवलीच नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, बायकोचा फोन आला.

"टीव्हीवर पाटी दाखवत होते," ती म्हणाली. "अक्षर तुमचं होतं."

"हो."

"वॉर्डात सगळे बाईंची बाजू घेत होते, डॉक्टरांना शिव्या घालत होते. मी गप्प बसले." मग तिने विचारलं, "अहो, आदेश निघाला नव्हता ना?"

"नव्हता."

"मग?"

त्याने पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिकडून कुणीतरी सिस्टर, सिस्टर अशी हाक मारत होतं.

"वाळली का तरी?" तिने विचारलं.

"वाळली. छान वाळली."

"बरं. ठेवते. ताप मोजायचेत."

पाटी परत वापरायची असा नियम होता. त्याने पत्र्याचं पातं घेतलं आणि पहिल्या अक्षरापासून खरवडायला सुरुवात केली. रंग पक्का धरला होता, निघत नव्हता. सुट्टी संपली तेव्हा तो नावाच्या निम्म्यापर्यंतच पोचला होता. खालचं 'आरोग्यमंत्री' तसंच होतं, एकदम स्वच्छ.