पोलीस स्टेशनात राहिलेलं रिव्हॉल्व्हर

रविवारी सकाळी मी ज्या मंडळींबरोबर बसतो त्यांच्या गप्पा कुणी नुसत्या ऐकल्या, तर त्याला वाटेल की शिलाई मशीन दुरुस्त करणारी माणसं जमली आहेत. स्प्रिंग ढिली पडली, तेल घट्ट झालं, पुसायला कापड कुठलं घेता. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध घातलेली एक रेंज आहे. आम्ही परवानाधारक लोक तिथे आपापली हत्यारं घेऊन जातो, तासभर कागदी चकत्यांवर नेम धरतो आणि पुढचे दोन तास बाहेरच्या टपरीवर चहा पीत त्याच तासाबद्दल बोलतो. काडतुसं मिळत नाहीत, परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे, कुणाचं मनगट हल्ली वाकतं. बारा वर्षं मी हे ऐकतो आहे आणि बोलतो आहे.

मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवतो, म्हणून मी मास्तर. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेले गृहस्थ, ते शेठ. एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ असलेल्या बाई, त्या डॉक्टर. आणि ज्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे ते साहेब. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. जंगलातल्या एका धरणाच्या कामावर असताना त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. मुलीच्या कॉलेजसाठी पुण्यात आले, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर कर्वेनगरात फ्लॅट घेतला आणि मुलगी नोकरीला बंगळुरूला गेल्यावरही इथेच राहिले. रेंजवर आले की सगळ्यांना सारख्याच आवाजात 'जयभीम' घालायचे, एकदा हात झटकायचे आणि मग तो हात असा स्थिर व्हायचा की बघत राहावं. दर जानेवारीत आमच्या मंडळींत जोड्यांचा सामना होतो. माझे जोडीदार साहेब. आम्ही दोनदा दुसरे आलो होतो आणि ते दोन्ही वेळा माझ्यामुळे.

गेल्या वर्षी साहेबांच्या पत्नी गेल्या. आजार सहा आठवड्यांचा. आम्ही सगळे जाऊन आलो. महिन्याभराने साहेब पुन्हा रेंजवर यायला लागले आणि पूर्वीसारखेच नेम धरायला लागले, तेव्हा आम्ही समजलो की माणूस सावरला. आमच्यात माणसाची तब्येत अशीच बघतात, चकतीवरची भोकं मोजून.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता सुरू झाली की आमच्यासारख्यांना पोलीस स्टेशनातून फोन येतो. हत्यार आणून जमा करा, पावती घ्या, निकालानंतर घेऊन जा. आम्हाला याची सवय आहे. पिशवीला चिठ्ठी बांधतात, परवान्याचा नंबर लिहितात आणि मागच्या खोलीत ठेवून देतात. पुढचे दोन महिने आम्ही रेंजवर नुसतेच जमतो आणि हात रिकामे असल्यामुळे जास्त बोलतो. शेठ याला 'माहेरपण' म्हणतात. त्यांच्या मते पोलीस स्टेशन हे आमच्या बायांचं माहेर, तिथे त्यांना कुणी हात लावत नाही, चार दिवस आराम मिळतो.

निकाल लागले. आठवड्याभरात सगळ्यांनी आपापली हत्यारं सोडवून आणली. साहेबांनी आणलं नाही. पहिल्या रविवारी म्हणाले, पावती सापडत नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाले, गुडघा दुखतो. तिसऱ्या रविवारी आलेच नाहीत, मग शेठनी ग्रुपवर लिहिलं की काही सासरची माणसं सून आणायला विसरलेली दिसतात. त्यावर पंधरा हसरे चेहरे आले. एक माझा होता. साहेबांनी उत्तर दिलं, "सुनेला तिथं बरं आहे." आम्हाला ते फार आवडलं.

मला मात्र जानेवारी दिसत होता. सराव नसलेला जोडीदार घेऊन मी सामन्यात काय करणार होतो? खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी साहेबांना जितके फोन केले तितके त्यांच्या पत्नी गेल्यानंतरच्या महिन्यात केले नव्हते. पावती हरवली तर अर्ज मी लिहून देतो, म्हटलं. गुडघा दुखतो तर गाडीने नेतो, म्हटलं. शेवटी एका मंगळवारी मी त्यांच्या दारात गाडी उभी केली आणि खालून फोन लावला. ते पाच मिनिटांत इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. पावती त्यांच्या खिशात होती. ती कधीच हरवली नव्हती, हे मला दिसलं आणि मी गाडी सुरू केली.

पोलीस स्टेशनात हवालदारांनी पिशवी आणली, वही पुढे सरकवली. साहेबांनी पेन हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. मग अगदी अदबीने म्हणाले, "अजून महिनाभर इथं राहू दिलं तर चालेल का?"

"साहेब, हे लॉज नाही," हवालदार म्हणाले. "महिनाभर मीच फोन करतोय तुम्हाला. जागा नाहीये आमच्याकडे. घेऊन जा."

मी हसलो. हवालदारांना बरं वाटावं म्हणून जरा मोठ्यानेच हसलो. साहेबांनी सही केली. पिशवीचा बंद तुटला होता, म्हणून माझ्या गाडीतली एक कापडी पिशवी मी त्यांना दिली.

परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते बोलले. माझ्याकडे न बघता, समोरच्या बसच्या पाटीकडे बघत.

"मास्तर, मी विसरलो नव्हतो. मी मुद्दाम ठेवलं होतं तिथं."

मी विचारलं, का?

"दुपारी घरी कोणी नसते. मी कपाट उघडायचो. घ्यायचो, पाहायचो, ठेवायचो. रोज होऊन राहिलं होतं ते. पोलीस स्टेशनात देऊन आलो, त्या दिवशी मला दुपारी झोप लागली. चार महिन्यांनी."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी पुढे घेतली आणि जे म्हणालो ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "अहो साहेब, रविवारी प्रॅक्टिसला या, बरं वाटेल."

ते 'बरं' म्हणाले. मी त्यांना त्यांच्या फाटकाशी सोडलं. माझी कापडी पिशवी हातात घेऊन ते जिना चढले, लिफ्ट असताना जिना, आणि मी गाडी वळवून तिसऱ्या लेक्चरला वेळेवर पोहोचलो.

त्यानंतरचे तीन दिवस मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. लाज वाटते म्हणूनच लिहितो. मंगळवारी संध्याकाळी मी त्यांना रेंजच्या वेळेबद्दल फोन केला. वेळ बारा वर्षांत बदललेली नाही. बुधवारी सकाळी तेलाची कंपनी विचारायला केला. तेव्हा त्यांनीच विचारलं, "मास्तर, सगळं ठीक ना?" वर्गात फळ्यावर यंत्राच्या भागाचा छेद काढताना मी दोनदा खडू ठेवून मोबाइल बघितला. ते ग्रुपवर शेवटचं कधी दिसले होते, तेवढ्यासाठी. गुरुवारी भाजी आणायच्या निमित्ताने मी त्यांच्या इमारतीवरून तीनदा गेलो. गॅलरीत टॉवेल वाळत होता. तिसऱ्या वेळी तो नव्हता आणि मला इतकं हायसं वाटलं की मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बायकोने विचारलं, एवढ्या मेथीचं करायचं काय?

एवढं कळत होतं तर कुणाला सांगितलं का नाही? एक कारण मी स्वतःला देत होतो की साहेबांनी विश्वासाने सांगितलं आहे. आमच्यात मनाबद्दल बोलत नाहीत. परवान्याचा माणूस 'मला बरं वाटत नाही' असं म्हणाला की त्याचा परवाना जातो, असं आमच्यात धरूनच चालतात. म्हणून स्प्रिंगबद्दल सगळे बोलतात आणि झोपेबद्दल कुणी नाही. हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. माझ्या स्वतःच्या परवान्याचं नूतनीकरण तेव्हा पोलीस चौकशीला गेलेलं होतं. साहेबांना हत्यार सोडवून आणायला घेऊन गेलो तो मीच, ते त्या वहीजवळ उभे असलेल्या सगळ्यांनी पाहिलेलं. मला या प्रकरणात माझं नाव नको होतं. तीन दिवस एका माणसाचा जीव एका पारड्यात होता आणि दुसऱ्यात माझी फाइल. मी तो तराजू हातात धरून भाजी घेत हिंडत होतो.

शुक्रवारी सकाळी मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, नाही उचलला. तिसऱ्यांदा उचलला, म्हणाले, आंघोळीला गेलो होतो. मी फोन ठेवला आणि त्या दिवशीची लेक्चर्स रद्द केली. मी डॉक्टरांच्या रुग्णालयात गेलो.

डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात खाली पार्किंगमध्ये आल्या, डोक्याला टोपी तशीच. मी सगळं सांगितलं. मंगळवार म्हटल्यावर त्यांनी बोटं मोजली.

"तीन दिवस, मास्तर?"

मी मान हलवली.

"तुम्ही त्यांना विचारलंत का? सरळ, शब्दांत?"

असं कसं विचारणार, मी म्हणालो. नसेल डोक्यात तर उगाच येईल.

"उगाच काही येत नाही. असेल ते बाहेर येतं. पाणी आलं का विचारता ना, तसं विचारायचं. आत्ता जा. ते रिव्हॉल्व्हर त्या घरात आज राहता कामा नये. आणि माझ्या ओळखीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना मी फोन करते. साहेब मला शिव्या देतील, देऊ देत."

मग पायरीवर वळून म्हणाल्या, "मीही पाठवला होता तो हसरा चेहरा."

साहेबांनी दार उघडायला वेळ लावला. आतल्या खोलीतून येतानाचे त्यांचे पाय मला ऐकू येत होते आणि तरी मी घंटा वाजवत राहिलो. ते बनियनवर होते. मला बघून शर्ट घालायला आत गेले, तर मी पाठोपाठ आत गेलो. त्या घरात मी कधी हॉलच्या पलीकडे गेलो नव्हतो.

मी विचारलं, "साहेब, स्वतःला संपवायचा विचार येतो का मनात?"

त्यांनी शर्टाची शेवटची गुंडी लावली.

"येतो."

"आज आला?"

"दुपारी येतो. चार वाजता नळ येते. भरायला उठावं लागते, मग जातो तो." मग म्हणाले, "तुमची पिशवी कपाटातच आहे. उघडली नाही मी. पण ती आहे हे माहीत असते ना, मास्तर."

मी खाली बसलो. पलंगावर, त्यांच्या पत्नीच्या बाजूला. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही, त्यांना आलं. आम्ही चारचं पाणी भरलं. मग रिक्षाने कॅम्पातल्या एका हत्यारांच्या दुकानात गेलो. तिथे परवानाधारकाचं हत्यार रीतसर सांभाळायला ठेवून घेतात आणि तसं पोलिसांना कळवतात. दुकानदाराने कागद पुढे केला आणि सवयीने विचारलं, कशासाठी ठेवताय?

"घर रंगवायला काढलं," साहेब म्हणाले.

डॉक्टरांच्या ओळखीच्या बाईंकडे ते दुसऱ्याच दिवशी गेले. मुलीला कळवू नका, असं मला त्यांनी बजावलं होतं. मी कळवलं. ती रविवारी आली आणि त्यांना महिनाभर बंगळुरूला घेऊन गेली. त्या महिन्यात साहेबांनी माझा एकही फोन घेतला नाही. मुलीने सांगितलं की बाबा म्हणतात, मास्तर फितूर निघाले. ती गोळ्यांच्या वेळा सांगायची आणि मी त्या डायरीत लिहून ठेवायचो, जणू त्या मलाच घ्यायच्या होत्या.

जानेवारीत सामना झाला. मी शेठबरोबर उतरलो आणि आम्ही शेवटून पहिले आलो. शेठ म्हणाले, तुमचा नेम म्हणजे साहेबांचा हात होता हो. साहेब कुठे आहेत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मुलीकडे आहेत, इतकंच मी सांगितलं. बाकीचं सांगायचं की नाही हे साहेबांनी ठरवायचं आहे. पण टपरीवर बसलो की मला आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची सवय लागली आहे, आणि लोकांना ते अवघड होतं. एकाने विचारलंही, मास्तर, तोंडाला काही लागलंय का माझ्या?

फेब्रुवारीत साहेब परत आले. मी भेटायला गेलो तर दार अर्धं उघडून उभे राहिले. दारातच मी त्यांना सांगितलं की पोलीस स्टेशनात मी तुम्हाला ओढून नेलं ते सामन्यासाठी. तुमच्यासाठी नाही. तुम्ही सही करत नव्हता तेव्हा मला कळायला हवं होतं, मी हसलो.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुमच्या एकट्याचा नेम कुठं लागते?" आणि दार पूर्ण उघडलं.

आता मी आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी जातो. माफ केलं का, हे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. रिव्हॉल्व्हर विकून परवाना परत करायचा अर्ज मी लिहून दिला आहे. सहीची जागा अजून मोकळी आहे. टीव्हीखाली ठेवलेला तो कागद आम्हा दोघांना दिसतो. परवा गेलो तेव्हा साडेतीन वाजले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"काऊन आले आज? तपासणी का?"

मी हो म्हणालो.

"मग विचारा."

मी विचारलं, तेच शब्द, कारण दुसरे शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

"सकाळी आला होता," साहेब म्हणाले. "आता नाही." आणि बादल्या घ्यायला आत गेले.