लेबलावरची रिकामी रेघ

बाळांनो,

परवा थोरल्यानं तिकडच्या एका दुकानातून फोटो पाठवला. काचेच्या कपाटात आपल्या शेंद्र्याच्या कंपनीची व्हिस्कीची बाटली, आणि खाली त्याचा प्रश्न : ‘आजी, ही आपल्या गावची ना? मग लेबलाच्या तळाशी ही रिकामी रेघ कसली? छापायचं राहून गेलंय का?’ याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. छापायचं राहिलेलं नाही. त्या रेघेवर पूर्वी एक सही असायची, आणि ती ज्यांची होती ते गृहस्थ तुम्हाला चांगले ठाऊक आहेत. पुंडलिकनगरात आपल्या घरासमोर राहणारे, तुम्ही लहानपणी ज्यांना ‘नाकवाले आजोबा’ म्हणायचात, ते.

हुशार माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण ज्याची सगळी हुशारी, सगळी नीती आणि सगळा हट्ट एका नाकात राहायला आला होता, असा माणूस हा एकच. दिसायला ते नाक काही विशेष नव्हतं. जरा बसकं, चष्म्याच्या भारानं दबलेलं. पण फाटकाशी उभं राहून ते सांगायचे, ‘वहिनी, तुमच्या डब्यातले शेंगदाणे खवट व्हायला लागलेत, आज उद्या बगा.’ मी डबा उघडून पाहायची, मला काही कळायचं नाही, आणि चौथ्या दिवशी शेंगदाणे खवट निघायचे. तुमच्या आजोबांना ताप चढणार हे त्यांनी एकदा थर्मामीटरच्याही एक दिवस आधी सांगितलं होतं. कंपनीच्या बसमध्ये कोणी काय खाऊन आलंय हे ते बसल्या जागी ओळखत, आणि त्यामुळे त्यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे.

हे आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. त्यांचे वडील फर्दापूरच्या बाजूच्या माळांवर मेंढरं घेऊन हिंडायचे. ते म्हणाले, ‘शंभर कोकरं एका रंगाची असली तरी मेंढी आपलं कोकरू वासावर काढती, वहिनी. आमी लहानपणी तेच शिकलो. दुसरं शिकवायला व्हतं कोण तिथं?’ पुढे शाळा झाली, रसायनशास्त्राची पदवी झाली, आणि ते शेंद्र्याच्या त्या कारखान्यात ब्लेंडर झाले. ब्लेंडर म्हणजे काय ते सांगते. व्हिस्की तयार झाली की लाकडी पिंपांत भरून वर्षानुवर्षं ठेवतात. कोणतं पिंप कधी तयार झालं हे शेवटी एक माणूस वास घेऊन ठरवतो. आपल्याकडे तो माणूस हे. पिंपातून काचेच्या नळीनं थोडं काढायचं, पेल्यात हुंगायचं, आणि पिंपाला लावलेल्या चिठ्ठीवर लिहायचं : ‘झालं’ किंवा ‘थांबा’. त्यांनी ‘झालं’ लिहिल्याशिवाय एक बाटली बाहेर जात नसे. म्हणून तर लेबलावर त्यांची सही.

स्वतः मात्र त्यांनी कधी घोटभर घेतली नाही. त्याला ते मेंढरांचाच दाखला द्यायचे : ‘राखणारानंच खाल्लं तर मोजायचं कुणी?’

या नाकाला एकच शत्रू होता, तो म्हणजे शेपू. शेपूच्या भाजीचा वास त्यांना गल्लीच्या तोंडाशी यायचा. तिथूनच ते ओरडायचे, ‘आज मी जेवत नाय!’ आणि त्यांच्या बायकोला शेपू जीव की प्राण. त्या दोघांचं सगळं सहजीवन या एका जुडीवर अडकलेलं होतं. त्या बिचाऱ्या माहेरी गेल्यावरच शेपू खायच्या.

आता व्हिस्कीच्या टंचाईची गोष्ट. कोरोनाचा ताप घरोघरी येऊन गेला, नाकवाल्या आजोबांनाही आला, पंधरा दिवसांत ते उठले आणि कामावर गेले. त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात त्यांची व्हिस्की मिळेनाशी झाली. दुकानदार विचारू लागले, मग गिऱ्हाइकं विचारू लागली. परदेशातून, मुंबईहून इंग्रजीत पत्रं यायची, म्हणजे तुम्ही म्हणता ती ई-मेलं. ऑफिसातल्या मुलांच्या इंग्रजीवर यांचा विश्वास नव्हता. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून दर रविवारी सकाळी ते छापील पत्रांचं प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन समोरून यायचे. आपल्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण दारू का मिळत नाही याची उत्तरं मी पुष्कळ लिहिली. प्रत्येक पत्राची नक्कल नाव-पत्त्यासकट तारखेवार लावून ठेवली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे.

कंपनीनं एक ठरावीक उत्तर करून दिलं होतं : ‘आपल्या उदंड प्रतिसादामुळे माल संपला आहे. कृपया धीर धरावा.’ पहिल्याच रविवारी यांनी ते वाचलं आणि कागद पालथा ठेवला.

‘हे नाय पाठवायचं, वहिनी. उदंड प्रतिसाद काय? गोदाम भरलंय की.’

‘मग खरं कारण काय लिहू, भाऊजी?’

ते चहाच्या कपाकडे पाहत राहिले. ‘लिहा की, पिंपं अजून तयार नाहीत.’

मी तसं लिहिलं. पुढच्या रविवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही, असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मला त्यांचा अभिमान वाटायचा. घाई करणाऱ्या जगात एक माणूस ‘थांबा’ म्हणतो आहे, असं मी तुमच्या आजोबांना म्हटल्याचं आठवतं. आजोबा म्हणाले, ‘थांबायलाही काही हद्द असते.’

त्यांचं बरोबर होतं. थंड देशात पिंप वर्षानुवर्षं निवांत पडून राहिलं तरी चालतं. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात लाकडातून माल उडून जातो. गोदामातली माणसं त्याला ‘उन्हाचा वाटा’ म्हणतात. ‘थांबा’ म्हटलेलं प्रत्येक पिंप दर उन्हाळ्यात थोडं थोडं रिकामं होत होतं. पिंपं दुरुस्त करणारे एक उस्ताद तिथे आहेत, तीस वर्षं यांच्या जोडीला. ते लाकडी हातोडीनं ठोकून नुसत्या आवाजावरून सांगतात की आत किती उरलंय. मॅनेजर तरुण होता, वाईट नव्हता. तो आधी विनवत होता, मग एक दिवस म्हणाला, ‘काका, सही तर लेबलावर छापलेलीच आहे. तुम्ही फक्त मान हलवा, आम्ही भरतो.’ त्या रविवारी हे माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ‘माझी सही माझ्याबिगर बाजारात जाणार, वहिनी,’ एवढंच म्हणाले.

आम्ही पत्रं घेऊन बसलो. स्वयंपाकघरात मी दूध तापत ठेवलं होतं, ते मी साफ विसरले. मला गंध लागेपर्यंत दूध उतू जाऊन, आटून, भांडं काळं झालेलं होतं. समोरच्या घरातून त्यांची बायको पदर नाकाला लावून धावत आल्या : ‘काय जळतंय वो इथं? गल्लीभर वास सुटलाय!’ आणि नवऱ्याला पाहून हसल्या. ‘हे इथंच बसलेत व्हय? बरंच सुधारलेत म्हणायचं. परवा चुकून शेपू केला, तर निमूट जेवले. चाळीस वर्षं घालवली, तवा कुठं माणसात आले बगा!’

त्या भांडं घासायला मोरीवर गेल्या. मी खोलीत परत आले. हे स्वयंपाकघराला पाठ करून बसले होते. त्यांच्या डोक्यावरून धूर चालला होता आणि ते माझ्या कागदावरचा स्वल्पविराम पाहत होते.

‘भाऊजी,’ मी म्हटलं, ‘कधीपासून?’

त्यांनी फोल्डर मिटलं. मग म्हणाले, ‘तापापासून.’

‘कुणाला सांगितलंत?’

‘नाय. वाटलं, आज येईल, उद्या येईल. रोज सकाळी पेला नाकाशी धरतो. पाणी हुंगल्यासारखं. झालंय म्हणावं तर लबाडी, नाय झालं म्हणावं तरी लबाडी. मग थांबा लिवलं. ते थांबा पिंपाला नव्हतं, वहिनी. ते मला व्हतं.’

मोरीवर भांड्याचा आवाज थांबला होता. त्यांच्या बायकोनं ऐकलं असावं. त्या दाराशी आल्या, ओल्या हातांनीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग तो शेपू...’ इतक्या आनंदानं खाऊ घातलेली भाजी त्या क्षणी त्यांना किती कडू लागली असेल, ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं.

त्याच दुपारी आम्ही खरं पत्र लिहिलं. ते सांगत होते, मी इंग्रजी करत होते. मराठीत ते असं होतं : ‘आपल्याला बाटली मिळत नाही याचं कारण मागणी वाढली हे नाही. पिंप तयार झालं की नाही हे मी वास घेऊन सांगत असे. आजारात माझा वास गेला. ही गोष्ट मी कंपनीपासून लपवली आणि प्रत्येक पिंपावर थांबा लिहीत राहिलो. त्यात काही चांगला माल उन्हानं गेला. चूक कंपनीची नाही, माझी आहे.’

‘लपवली’ हा शब्द मला फार कठोर वाटला. ‘मला सांगता आली नाही’ असं मी सुचवलं. त्यांनी चष्मा काढला. ‘वहिनी, लपवण्याला इंग्रजीत शब्द नाय का?’

‘आहे.’

‘मग तोच घाला.’

सोमवारी ते पत्र त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. पुढचं मला उस्तादांनी सांगितलं. मॅनेजर म्हणे पांढरा पडला. हे गिऱ्हाइकांना पाठवलं तर ब्रँड बुडेल, असं म्हणाला. हे म्हणाले, ‘तुमी नाय पाठवलं तर मी हातानं लिहून पाठवीन. सगळ्यांचे पत्ते वहिनींच्या फायलीत हायेत.’ माझ्या टापटिपीचा कोणाला धाक वाटल्याचं हे एकच उदाहरण.

मग प्रश्न आला, पिंपं तपासणार कोण? तेव्हा उस्ताद हातोडी खाली ठेवून पुढे झाले. एकेक पेला नाकाशी धरून सांगत गेले, ‘ये हो गया. ये नै हुआ. ये तो पिछले साल हो गया था, अब क्या देखना.’ मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही तर शिवतही नाही, मग हे कसं? ‘जबान पे एक कतरा नै रखा, आपा. पर नाक कू कौन मना करता? तीस साल साब के बाजू में खड़ा हूँ.’ आणि मग हळूच म्हणाले, ‘मेरेकू मालूम था. गरम मटन नान-खलिये का डब्बा बाजू में खोला, साब ने मुड़ के देखाइच नै.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘कैसा बोलता, आपा? साब खुद बोलते तो ठीक.’

पत्र अखेर गेलं, एकही शब्द न बदलता, कंपनीच्या कागदावर. खाली मॅनेजरनं स्वतः एक वाक्य जोडलं : ज्यांनी आधी लिहिलं त्यांना आधी, एकाला एकच बाटली, जुन्याच किमतीत. उन्हानं नेलं ते गेलंच, उरलेला माल या हिशेबानं वाटला गेला. माझ्या तारखेवार फायलीवरून यादी झाली. सही काढून टाका, असं यांनीच सांगितलं. त्या जागी उस्तादांची छापायचं ठरलं, पण ते म्हणाले, ‘वो साब की जगा है. बोलने का काम मैं करता, सही नक्को.’ तेव्हापासून ती रेघ रिकामी आहे.

उत्तरं आली. एकानं लिहिलं, आम्हाला दारू हवी आहे, तुमचं आत्मचरित्र नको. बऱ्याच जणांनी नुसते आभार मानले. आणि विदर्भातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी पैसे पाठवून लिहिलं : ‘माझी बाटली त्या गृहस्थांच्या घरीच ठेवा. ज्या दिवशी त्यांना वास येईल, त्या दिवशी त्यांनी ती उघडून हुंगावी, मला दोन ओळी लिहाव्यात, आणि मग पाठवावी. मला घाई नाही.’ ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘परत वाचा,’ आणि मी परत वाचलं.

आता ते कारखान्यात जात नाहीत. डॉक्टर म्हणतात, वास येईलही, नाहीही. त्यांनी स्वतःची एक परीक्षा ठरवली आहे. दर गुरुवारी बायकोला शेपू करायला सांगतात. ‘ज्या दिवशी ताट सारून उठीन, त्या दिवशी नाक परत आलं समज.’ त्यांच्या बायकोला आता शेपू आवडेनासा झाला आहे, पण त्या न चुकता करतात, आणि ते जेवताना समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहतात. मध्ये एकदा ते गल्लीच्या तोंडावरूनच ओरडले, ‘शेपू!’ त्या धावत फाटकाशी आल्या, मीही गॅलरीत आले. पण घरात त्या दिवशी दुधीभोपळा शिजत होता. ते हसले, चप्पल काढली आणि आत गेले.

तर थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. पत्रांची फाईल माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. लेबलावरची रेघ रिकामी आहे. डॉक्टरांची बाटली समोरच्या घरात, फळीवर, सीलबंद आहे. परवाच्या गुरुवारीही शेपू झाला होता, आणि त्यांनी सगळा संपवला.

तुमची आजी