टॉमच्या पबातला काढा

कॅम्पात किस्से का साठतात माहितीये? सहा दिवस सगळे पाईप जोडतात आणि शुक्रवारी, सुट्टीला, एकमेकांच्या अब्रूचे सांधे उघडतात. जुबैलला समुद्राकाठच्या आमच्या कॅम्पात तर त्यासाठी खास जागाच होती. टॉमचा पब!

हो, पब. सौदीत! तेलाचा पैसा धो धो वाहत होता तेव्हाची गोष्ट. दारू मात्र औषधालाही नव्हती. आमचा सुपरवायझर टॉम इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरगावचा. तिथे त्याच्या बापाचा पब होता. त्या आठवणीत टॉमने एका पोर्टाकेबिनमध्ये लाकडी काउंटर ठोकला, भंगारातली जहाजाची पितळी घंटा टांगली आणि दुकानात उघड मिळणारी बिनअल्कोहोलची बियर मांडली. चव? सातूच्या पिठाचं पाणी उन्हात विसरल्यासारखी!

मी इंजिनिअरिंग अर्धवट टाकून तिथे फिटर झालो होतो. मोठी माणसं शहाणी असतात हा समज कॉलेजात निम्मा गेला होता. उरलेला पबात गेला.

*

जोशीसाहेब, पुण्याचे प्लॅनिंग इंजिनिअर. दिसलो की "डिग्री पूर्ण कर" सुरू. पहिल्याच शुक्रवारी तीन ग्लास रिचवले आणि ढसाढसा रडायला लागले. "मी तबला सोडायला नको होता रे!"

मी बाटली पुढे धरली. "साहेब, वाचा. अल्कोहोल शून्य."

साहेबांनी चष्मा पुसला, नीट वाचलं, बाटली परत दिली. "असं होय! मग अजून एक दे. सासऱ्यांचं सांगायचं राहिलंय."

*

आबा परब, मालवणकडचे वेल्डर. गावी इतकी प्यायचे, की त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकीने, त्यांना सौदीला धाडलं ते पगारासाठी कमी आणि तिथे दारू नाही म्हणून जास्त. निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. काकी वस्ताद! नुसत्या दारूवर थांबली नाही. "दारू, माडी, बियर... नावाक सुद्धा नाय!"

आबा पबात पाणी पीत बसायचे.

"आबा, ह्यात काही नसतं हो!"

"बाटलेर काय लिवलाहा, झिला?"

"बियर. पण..."

"मगे झाला! नावाक सुद्धा नाय म्हणान सांगलाहा."

लोखंड वितळवणारा माणूस आणि एका लेबलाला घाबरतो! माझं डोकंच फिरायचं.

*

टॉमला हे कळलं. त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे घशाला बरं म्हणून देतात ते काय?"

"काढा."

पठ्ठ्याने सगळी लेबलं भिजवून सोलली, काउंटरवरच्या पाटीवरची 'बियर' पुसली आणि तिथे माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'काढा'!

आबांनी पाटी वाचली. ग्लास हुंगला. मग उभं राहून कोकणात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा! परमुलखात हो काढो घेतंय. ह्येच्यात काय चुकला-माकला आसात, तर ता ह्या गोऱ्याच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही कोकणातले सगळे ओरडलो. सगळ्यात मोठ्याने टॉम! त्याला वाटलं, हे आमचं चिअर्स.

पुढच्या आठवड्यात साईटवर मोठा मॅनेजर आला. "टॉम, वेल्डिंग आटोपलं?"

"व्हय म्हाराजा!"

*

तेव्हा घरी आवाज पाठवायचा तर कॅसेट भरायची. टेपरेकॉर्डर जोशीसाहेबांचा, आणि साहेब काउंटर सोडेनात. म्हणून आबांनी पबातच भरली. "मी बरो आसंय. शपथ पाळतंय. फकस्त काढो घेतंय..."

तेवढ्यात टॉमने घंटा बडवली. "लास्ट ऑर्डर!"

"माझा अजून एक भर रे!" मागून जोशीसाहेब. "आज मला मनसोक्त रडायचंय!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा पब.

गावी जाणारा माणूस बाहेर गाडीत हॉर्न मारत होता. कॅसेट तशीच गेली.

त्यानंतर काकीचं पत्र नाही, निरोप नाही. आबांचं जेवण तुटलं. काढासुद्धा बंद. "तिना इस्वास सोडल्यान तर मी घराक कोणाकडे जाव, झिला?" इतक्या मोठ्या माणसाने मला असलं विचारू नये.

*

आणि एका शुक्रवारी काकीची कॅसेट आली. आबांची एकट्याने ऐकायची छाती होईना. पबातच लावली. कोपऱ्यात डार्ट्सचे बाण मारणारे थांबले. जोशीसाहेबांनी ग्लास खाली ठेवला.

आधी कोंबड्या. मग काकी.

"आयकलंय. काढो आयकलंय, गोरो आयकलंय, ता रडणारा मेला कोण ता पण आयकलंय."

जोशीसाहेब छताकडे बघायला लागले.

"चेडू म्हणता, बाबा खोटा बोलाचे नाय. बघूया."

मग देवघरातली घंटा. टिंग टिंग टिंग.

"आता माझी लास्ट ऑर्डर. चतुर्थीक घराक येवा. येताना त्या काढ्याच्यो दोन बाटल्यो हाडा. आधी मी पितलंय. माका रडाक इला, तर तुमी घराच्या भायर!"

टेप खट्टकन थांबली. आबा डोळे पुसत होते.

काउंटरमागून टॉम म्हणाला, "व्हय म्हाराजा!"